विषय निवडायला सांगता, पण विचारायचे कोणाला? : कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू, अधिष्ठाता आणि विद्या परिषदेचे सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठे

विषय : पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विषयनिवड व अभ्यासक्रम नियोजनाच्या मार्गदर्शनाची अधिकृत व्यवस्था करण्याबाबत

महोदय/महोदया,

सविनय नमस्कार.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेताना मुख्य आणि गौण विषय निश्चित करण्यासाठी आमच्या विद्यापीठाने यंदा आठवड्याहूनही कमी मुदत दिली आणि त्याच परिपत्रकाच्या शेवटी 'एकदा नोंदवलेला विषय कोणत्याही कारणास्तव बदलून मिळणार नाही' असे वाक्य जोडले. हा निर्णय विद्यार्थ्याने कोणाशी बोलून घ्यावा, याविषयी त्या परिपत्रकात एक अक्षरही नव्हते. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. अन्य विद्यापीठांत शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींशी बोलले तेव्हा लक्षात आले की तारखा आणि पोर्टल तेवढे वेगळे आहेत, गत एकच आहे. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना, आणि ते उघडपणे.

मी तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका संलग्न महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. 'मेंटॉर' म्हणून ज्या मुलामुलींची यादी माझ्याकडे दिली जाते, त्यांतील बहुतेक जण आपल्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिलेच आहेत. मुख्य विषय कोणता ठेवू, गौण कोणता घेऊ, तीन वर्षांत बाहेर पडू की चौथे करू, हे विचारायला त्यांच्या घरात कोणी नाही, म्हणून ती आम्हा शिक्षकांकडे येतात. आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो, पण त्या सांगण्याला कोणताही अधिकृत आधार नसतो. आम्हालाही कोणी काही समजावून दिलेले नसते आणि चुकीचे सांगितले गेले तर त्याचे परिणाम भोगायला ते पोर एकटे उरते.

ज्यांची मुले महाविद्यालयात नाहीत अशा वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) आराखडा राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने स्वीकारला आणि संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकायचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर म्हणजे मुख्य होतो, एक मायनर म्हणजे गौण होतो आणि तिसरा सुटतो. याशिवाय दुसऱ्या विद्याशाखेतील ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग अशी भलीमोठी रांग असते. प्रत्येक सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चौथ्या वर्षासह १६० ते १७६. एका श्रेयांकाला १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. जुन्या पद्धतीत विद्यार्थ्याला फारसे काही ठरवावेच लागत नव्हते. आता सत्रागणिक ठरवावे लागते, आणि आज ठरवलेले पुढच्या दहा वर्षांना पुरते.

या धोरणाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. वाणिज्य शाखेच्या मुलाने मानसशास्त्राचा एखादा पेपर घ्यावा, कला शाखेच्या मुलीने संगणकाचे काही शिकावे, यात वाईट काय आहे? माझी तक्रार अशी की आपण निवडीचा भार विद्यार्थ्यावर टाकलात आणि निवड करायला मदत करण्याचे काम कोणाच्याच कामाच्या तासांत धरले नाहीत.

पहिला मुद्दा माहितीचा. विद्यार्थी तक्रार निवारणासंबंधीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम असे सांगतात की प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी संस्थेने माहितीपुस्तिका प्रसिद्ध केली पाहिजे. प्रत्यक्षात आमच्या भागात हाती येणाऱ्या माहितीपुस्तिकेत संस्थापकांचे छायाचित्र, पदाधिकाऱ्यांचे संदेश, गणवेशाचे नियम आणि शुल्काचा तक्ता असतो. विषयांच्या पानावर सांकेतिक क्रमांक आणि इंग्रजी आद्याक्षरे यांची गर्दी असते. कोणता विषय घेतला तर पुढे कोणती वाट उघडते आणि कोणती बंद होते, हे कुठेच नसते. अभ्यासक्रमाची पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते तीही अनेकदा सत्र सुरू झाल्यावर, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला ती इंग्रजीतून वाचावी लागते.

मग निवड करते कोण? आमच्या गावात एस.टी. स्टँडसमोरच्या गाळ्यात एक नेट कॅफे आहे. जूनमध्ये त्याच्या दाराशी चपलांचा ढीग असतो. आत एक विशी-बाविशीचा मुलगा दोन संगणक आणि एक प्रिंटर सांभाळत एकाच वेळी जातीच्या दाखल्याचा अर्ज, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज भरत असतो. टेबलावर दुरेघी वही असते आणि तिच्यात त्याने विषयांच्या संकेतांकांचे संच लिहून ठेवलेले असतात. समोरच्या मुलीला तो विचारतो, "ग्रुप कोणता टाकू?" ती मैत्रिणीकडे बघते. मैत्रीण म्हणते, "माझा टाकलाय तोच टाक." ओपन इलेक्टिव्हच्या रकान्यात लांबलचक यादी उघडते, तो वरून दुसरे नाव दाबतो, कारण पहिल्यावर सर्व्हर अडकतो असा त्याचा अनुभव आहे. 'सबमिट' झाले की पावती निघते, पन्नास रुपये दिले जातात आणि पुढचा नंबर लागतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. उलट तो रात्री उशिरापर्यंत बसून पोरांचे अर्ज मुदतीत भरतो आणि संकेतांक चुकू नये म्हणून वही ठेवतो, एवढी काळजी आमच्या यंत्रणेत दुसरे कोणी घेत नाही. पण राज्याच्या उच्च शिक्षणातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला तिथे दिला जात असेल, तर कुलगुरू महोदय, तो गाळा आपल्याला माहीत असला पाहिजे.

अशा निवडीचे पुढे काय होते, याचे एकच उदाहरण देते. माझ्या यादीतील एका विद्यार्थिनीचा भूगोल उत्तम होता. नकाशाचे प्रात्यक्षिक असो की हवामानाचा धडा, ती वर्गात सर्वांच्या पुढे असे आणि कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचा हे तिचे पहिल्या वर्षापासून ठरलेले होते. दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना राज्यशास्त्र मेजर आणि इतिहास मायनर नोंदवला गेला आणि भूगोल सुटला. सुटलेला विषय म्हणजे केवळ एक पेपर कमी झाला, असे तिला वाटले. अकरावी-बारावीला शिकवायचे तर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते, आणि आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार विद्यार्थी आपल्या मेजर किंवा मायनर विषयात पुढे जाऊ शकतो. त्याबाहेरच्या विषयासाठी प्रवेश परीक्षेची वाट धरावी लागते. म्हणजे मायनर हा शोभेचा रकाना नाही, ते पदव्युत्तर शिक्षणाचे दुसरे दार आहे. तिने भूगोल नुसता मायनर ठेवला असता तरी हे दार उघडे राहिले असते. ही एक ओळ तिला वेळेवर कोणी सांगितली नाही. विषय बदलून द्यावा म्हणून तिने अर्ज केला, तेव्हा महाविद्यालयाने विद्यापीठाकडे बोट दाखवले आणि विद्यापीठाने परिपत्रकाच्या शेवटच्या वाक्याकडे. आता ती तिसऱ्या वर्षात आहे.

ओपन इलेक्टिव्हविषयी फार लिहीत नाही, कारण ते आपणही जाणता. पंगतीत पन्नास पक्वान्नांची यादी वाचून दाखवावी आणि पानात सगळ्यांना वरणभातच वाढावा, तसे चालले आहे. ज्या महाविद्यालयात एकच विद्याशाखा आहे, तिथे दुसऱ्या शाखेचा पेपर शिकवणार कोण? उपलब्ध शिक्षक आणि गावाकडे परतणाऱ्या शेवटच्या एस.टी.ची वेळ यांवर विषय ठरतो. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या पोर्टलवरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा आयोगाने २०२१ मध्येच दिली आहे. त्यासाठी महाविद्यालयाने कोणते अभ्यासक्रम मान्य केले आहेत, हे सत्र सुरू होण्याआधी सांगणारे मात्र कोणी भेटत नाही.

बाहेर पडण्याच्या आणि परत येण्याच्या सोयीचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. त्यासाठी ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, ३ वर्षांच्या आत परत यावे लागते आणि एकूण ७ वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते, या अटी मात्र सांगायच्या राहतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट शिष्यवृत्तीची. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत अभ्यासक्रमादरम्यान २ किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा अशी अट आहे. एकीकडे धोरण म्हणते की तीन वर्षांत कधीही या. दुसरीकडे शिष्यवृत्ती म्हणते की दोन वर्षे गेली तर माझ्याकडे येऊ नका. बाप आजारी पडला, ऊसतोडीला किंवा एखाद्या कारखान्यात जावे लागले म्हणून शिक्षण सोडणारा मुलगा नेमका शिष्यवृत्तीवर शिकणारा असतो. त्याला दाखल्यासाठी अर्ज लिहिताना ही विसंगती समजावून सांगण्याची जबाबदारी कोणाची? आज ती कोणाचीच नाही, आणि लिपिक दाखला देऊन मोकळा होतो.

चौथ्या वर्षाचेही तेच. २०२४-२५ ला प्रवेश घेतलेली पहिली मोठी तुकडी यंदा तिसऱ्या वर्षात आहे आणि येत्या उन्हाळ्यात तिला निर्णय घ्यायचा आहे. चौथ्या वर्षात संशोधनासह ऑनर्स पदवी घ्यायची तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. हे सहाव्या सत्रात कळून काय उपयोग? ते पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात कळायला हवे. शिवाय चौथे वर्ष आपल्या महाविद्यालयात असेल की नाही, संशोधनाला लागणारे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आपल्या विभागात आहेत की नाहीत, नसतील तर जिल्ह्याच्या ठिकाणी राहण्याचा खर्च किती, आणि तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचे एम.ए. करणे की चार वर्षांनंतर एका वर्षाचे, यांपैकी आपल्या परिस्थितीला परवडणारे कोणते, हे हिशेब कोणीतरी शेजारी बसून करून द्यावे लागतात. ज्या घरात आधी कोणी शिकलेले असते, तिथे ते चहा पिता पिता होतात.

विद्यापीठ बदलणाऱ्यांविषयी एक वाक्य. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली मुलगी स्थलांतर प्रमाणपत्र घेऊन तिथल्या महाविद्यालयात पोहोचते, तेव्हा तिचे श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा असूनही दोन विद्यापीठांचे आराखडे जुळत नाहीत म्हणून तिला मागचे पेपर पुन्हा द्यायला सांगितले जाते, आणि बहुतेकदा तिथेच तिचे शिक्षण संपते.

आता मार्गदर्शकांविषयी, म्हणजे आमच्याविषयी. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थी आणि मेंटॉर यांचे प्रमाण विचारले जात आले, म्हणून प्रत्येक महाविद्यालयात मेंटॉर आहेत. कागदावर आहेत. मूल्यांकनाची वेळ आली की मेंटॉर डायऱ्या बाहेर निघतात, मागच्या तारखा टाकून भेटींच्या नोंदी होतात आणि एकाच पेनाने सगळ्यांच्या सह्या घेतल्या जातात. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांचे १४ तास मोजले जाते. शैक्षणिक सल्ल्यासाठी निश्चित तास विद्यापीठांच्या कार्यभाराच्या तक्त्यात मला कुठे दिसले नाहीत. नियमित पदे वर्षानुवर्षे रिक्त असल्यामुळे प्रत्यक्षात हे काम तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडे येते, ज्यांना फक्त घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. आणखी गंमत अशी की आमच्या नेमणुका प्रवेश आटोपल्यानंतर होतात. जूनमध्ये विद्यार्थी विषय निवडत असतात, तेव्हा कागदोपत्री मी त्या महाविद्यालयाची कोणीच नसते.

हे अशक्य काम आहे, असे कृपया म्हणू नये. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अभ्यासकेंद्रांवर समंत्रकांची, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकांची, रचना केली, कारण दूर राहून शिकणाऱ्याला कोणीतरी हाताशी लागते हे तिथे गृहीत धरलेले आहे. पवईच्या आयआयटीत, जिथे देशातील निवडक विद्यार्थी येतात, तिथेही प्रत्येकाला फॅकल्टी ॲडव्हायजर असतो आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी मेंटॉर म्हणून नेमलेले असतात. स्पर्धा परीक्षेतून तावून सुलाखून निघालेल्या मुलांना सल्लागार लागतो आणि शेतमजुराच्या मुलीला लागत नाही, हा कोणता न्याय?

'आम्ही उद्बोधन वर्ग घेतो' हे उत्तर मला अपेक्षित आहे. आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाची चांगली मार्गदर्शिका दिली होती. आमच्याकडे तिचे रूपांतर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि तीन भाषणांत झाले आहे. तेही प्रवेश झाल्यानंतर, म्हणजे विषय भरून झाल्यावर.

म्हणून आपणाकडे पुढील मागण्या करते. यांतील बहुतेकांना पैसा कमी आणि इच्छा जास्त लागेल.

प्रत्येक अभ्यासक्रमाची मराठीतील पुस्तिका प्रवेशाच्या ६० दिवस आधी छापील आणि ऑनलाइन अशा दोन्ही रूपांत प्रसिद्ध करावी. तिच्यात प्रत्येक मेजर-मायनर जोडीपुढे त्यातून कोणते पदव्युत्तर शिक्षण व कोणत्या नोकऱ्यांची पात्रता मिळते, हे सरळ वाक्यांत लिहावे. ज्या महाविद्यालयात जो पेपर खरोखर शिकवला जाणार आहे तेवढाच पोर्टलवर दाखवावा.

शैक्षणिक सल्ल्यासाठी आठवड्यातील किमान दोन तास कार्यभारात मोजावेत. तासिका तत्त्वावरील शिक्षक हे काम करीत असतील तर त्या तासांचे मानधन द्यावे आणि निदान सल्लागार म्हणून नेमलेल्यांच्या नेमणुका प्रवेशप्रक्रियेपूर्वी कराव्यात. सल्लागारांना विद्यापीठाने दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत प्रशिक्षण द्यावे.

मेजर-मायनर नोंदवण्याआधी विद्यार्थी सल्लागाराला भेटला आहे, अशी दोघांच्या सहीची एका पानाची योजना अर्जासोबत असावी. ही सही परवानगीसाठी नसावी. अंतिम निर्णय विद्यार्थ्याचाच राहावा. सत्र सुरू झाल्यापासून किमान चार आठवडे विषय बदलण्याची मुभा असावी आणि त्यानंतरही प्रत्येक प्रकरणाच्या गुणवत्तेवर विचार करणारी समिती असावी.

आधीच्या तुकड्यांतील ज्या विद्यार्थ्यांचा विषय माहितीअभावी सुटला, त्यांना सुटलेल्या विषयाचे श्रेयांक जादा पेपर देऊन किंवा 'स्वयम्'द्वारे मिळवून मायनर बदलण्याची एक संधी द्यावी. शिक्षण मध्येच सोडणाऱ्याला दाखला देण्यापूर्वी परत येण्याच्या आणि शिष्यवृत्तीच्या अटी लेखी द्याव्यात. शिष्यवृत्तीतील खंडाची अट धोरणाशी जुळवून घेण्याची शिफारस आपण सर्व कुलगुरूंनी एकत्रितपणे उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे करावी. राज्यातील विद्यापीठांनी परस्परांच्या श्रेयांकांचा समकक्षता तक्ता तयार करून प्रसिद्ध करावा. चौथे वर्ष कोणत्या महाविद्यालयांत, कोणत्या विषयांत आणि किती जागांसाठी सुरू होणार, हे यंदाच्या डिसेंबरपूर्वी जाहीर करावे, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घरी बोलायला वेळ मिळेल.

आपल्या विद्या परिषदेच्या येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. एखादी मागणी मान्य करता येणार नसेल, तर ती का करता येत नाही, याचे लेखी उत्तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर द्यावे. ते मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवीन.

कळावे,

आपली विश्वासू,
तासिका तत्त्वावर काम करणारी एक सहायक प्राध्यापक